न विचारलेलं उत्तर

गजेंद्र सरांना जगातल्या बहुतेक माणसांची कीव यायची, आणि ज्यांची कीव येत नसे त्यांचा राग यायचा. मलकापूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, तेव्हा निरोप समारंभात त्यांनी जे भाषण ठोकलं त्यात प्राचार्यांपासून प्रयोगशाळेच्या शिपायापर्यंत कोणी म्हणून सुटलं नाही. शाल-श्रीफळ हातात धरून माणूस इतकं घालूनपाडून बोलू शकतो हे पाहून लोक टाळ्या वाजवायचेच राहून गेले. सरांनी त्याचा अर्थ असा लावला की भाषण ह्यांच्या डोक्यावरून गेलं.

पण ही झाली रोजच्या वापरातली तुच्छता. खास ठेवणीतली होती ती क्वांटमवाल्यांसाठी. ह्या लोकांचा एक प्रयोग सरांच्या घशात कित्येक वर्षं काट्यासारखा अडकून बसला होता. एका ठिकाणाहून प्रकाशाचे दोन जुळे कण दोन दिशांना सोडायचे. प्रत्येकाच्या वाटेत एक काच धरायची. ती काच तीन प्रकारे फिरवता येते, म्हणजे कणाला तीनपैकी एक प्रश्न विचारता येतो, आणि कणाचं उत्तर दोनपैकी एकच असतं: पार होईन, नाहीतर अडेन. दोघांना एकच प्रश्न पडला तर दोघांचं उत्तर दरवेळी एकच येतं, मग ते एकमेकांपासून कितीका लांब असेनात. साध्या माणसाला वाटेल की निघतानाच ठरवून निघाले असतील. क्वांटमवाले म्हणत, नाही, ठरवलेलं काही नसतं आणि मध्ये निरोपही जात नाही. विचारेपर्यंत कणाजवळ उत्तरच नसतं, मोजलं की मगच ते तयार होतं.

सर म्हणत की हे विज्ञान नाही, हे अंगात येणं आहे. बंद डब्यात भाकरी आहे की पोळी हे डबा उघडल्यावर ठरतं काय, असं ते वर्गात विचारायचे, आणि मुलं हसली की क्वांटमवाल्यांचा निकाल लागला असं समजायचे. ह्याच प्रयोगांसाठी काही वर्षांपूर्वी तिघांना जगातलं सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं, त्या दिवशी सर जेवले नाहीत. बक्षीस देणारेही त्यातलेच, असं म्हणून ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मग निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःचा सिद्धांत काढला. त्याचं नाव घड्याळाचा नियम. कण निघताना तिन्ही प्रश्नांची उत्तरं बरोबर घेऊन निघतात, आणि ती उत्तरं क्षणाक्षणाला एका ठरलेल्या चालीनं फिरत राहतात, असा तो नियम. लेख त्यांनी देशोदेशी पाठवला आणि देशोदेशीहून तो परत आला. नुसता परत आला असता तरी चाललं असतं, पण बहुतेकांनी वाचलाही नव्हता. सरांच्या लक्षात आलं की मलकापूरच्या निवृत्त मास्तराचा लेख कोणी उघडत नाही. वर एखाद्या मोठ्या संस्थेतलं नाव हवं.

असं नाव घरातच होतं. त्यांची एकुलती एक मुलगी काजल पुण्यात एका प्रयोगशाळेत संशोधन करत होती, आणि नशिबाची थट्टा अशी की ती नेमकं ह्याच जुळ्या कणांवर काम करत होती. प्रबंध संपत आला होता. सरांनी तिला लेखावर नाव घालायला सांगितलं, तिनं नाही म्हटलं. मग सरांनी थेट तिच्या मार्गदर्शक मॅडमना मेल करायला सुरुवात केली. पहिल्या मेलमध्ये त्यांनी मॅडमच्या समजुतीतल्या चुका दाखवल्या, दुसऱ्यात मॅडमच्या शिक्षणातल्या, आणि तिसऱ्यात मॅडमच्या एकूण पिढीतल्या. काजलला प्रयोगशाळेत मान वर करून चालणं कठीण झालं. मॅडम तिला काही बोलल्या नाहीत, पण चहाला बोलवायच्या बंद झाल्या.

शेवटी काजलनंच फोनवर पैज मांडली. लेखात जे म्हणता ते करून दाखवा, म्हणाली. दोन माणसं दोन खोल्यांत बसवू. हरलात तर माझ्या मॅडमना एकही मेल जाणार नाही. जिंकलात तर माझं नाव घाला, तेही तुमच्या आधी. नाव घातलं तर तिचं काय होईल हे तिला पुरतं माहीत होतं. तिच्या क्षेत्रात असल्या लेखावर एकदा नाव लागलं की पुढं कोणी दारात उभं करत नाही. पण हरण्याची भीती तिला नव्हती, कारण गणित तिच्या बाजूचं होतं.

वैशाखाच्या उन्हात ती मलकापूरला उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी खेळ ठरला, आणि तो समजायला सोपा जावा म्हणून तिनं त्याला बाजाराचं रूप दिलं. तीन प्रश्न म्हणजे तीन पिकं: कापूस, तूर आणि सोयाबीन. उत्तर म्हणजे भाव चढेल किंवा पडेल. समोरच्या खोलीत सर, स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी कोकिळाबाई. घंटी वाजली की दोघांनी आपापल्या डब्यातून एकेक चिठ्ठी काढायची आणि निघालेल्या पिकाचं उत्तर द्यायचं. दोघांना एकच पीक आलं तर उत्तर दरवेळी एकच आलं पाहिजे. वेगळी पिकं आली तर उत्तरं होईल तितकी वेगळी.

मेख इथंच होती. पिकं तीन आणि उत्तरं दोन, म्हणजे तिन्ही उत्तरं आधी ठरवून ठेवली तर त्यातली दोन तरी सारखी येणारच. तेव्हा वेगळी पिकं निघाली तरी निदान तीनात एकदा उत्तरं जुळणार, मग कोणी कितीही डोकं चालवो. प्रकाशाचे कण मात्र चारात एकदाच जुळतात. आधी ठरवून आलेल्यांना हे जमत नाही, म्हणून कण ठरवून येत नाहीत, असं काजलचं म्हणणं. उत्तरं चारात एकदाच जुळली तर सर जिंकले, तीनात एकदा जुळली तर काजल. शेजारचे शंकरराव हे गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांना पंच म्हणून बोलावलं होतं. त्यांनी बोटांवर मोजून पाहिलं आणि पोरगी बरोबर बोलते असं कबूल केलं. सर म्हणाले की सरासरी काढून जगाकडे पाहणाऱ्यांना घड्याळाचा नियम कळणं शक्यच नाही. शंकरराव सवयीनं गप्प बसले. पंचवीस वर्षं शेजार केल्यावर माणूस एवढं तर शिकतोच.

सरांनी जोडीदार म्हणून बायकोला निवडलं, त्यात प्रेमाचा भाग नव्हता. सांगेल तसं वागणारं दुसरं कोणी त्यांच्या माहितीत नव्हतं. कोकिळाबाई जळगाव जामोदकडच्या. बारावीनंतर लग्न झालं, आणि तेव्हापासून त्यांच्या वऱ्हाडी बोलीवर सरांनी नाक मुरडलं नाही असा दिवस गेला नसेल. सर स्वतः त्याच जिल्ह्यातल्या दुसरबीड गावचे, पण आपण पुण्याहून उतरलो अशा थाटात बोलायचे. सकाळी चहा पिता पिता त्यांनी बायकोला घड्याळाचा नियम समजावला. पहिल्या डावाला कोणती तीन उत्तरं, दुसऱ्याला ती कशी सरकतात, पाचव्यानंतर उलटी कशी होतात. कोकिळाबाई वांगी चिरत ऐकत होत्या आणि माना डोलावत होत्या.

थोड्याच वेळात सरांचा धीर सुटला. दगडावर डोकं आपटण्यात अर्थ नाही असं त्यांना वाटलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, ‘‘जाऊ दे, तुझ्या डोक्यात हे शिरणार नाही. एवढंच लक्षात ठेव. पीक एकच आलं की उत्तर माझंच. पीक वेगळं आलं की उत्तर माझ्या उलट. यायला पाहिजे ते एवढंच.’’

ही खेळाची रीत नव्हती, हे खेळात काय साधायचं ते होतं. पण ज्याला आपण माणसात धरत नाही त्याला असंच सांगतो. रीत सांगायचे कष्ट घेत नाही, फक्त काय हवं ते सांगतो. कोकिळाबाईंनी हो म्हटलं आणि वांगी पाण्यात टाकली.

काजलनं मात्र बंदोबस्त चोख ठेवला. सगळ्यांचे मोबाइल गोळा करून कपाटात बंद केले. समोरच्या खोलीत सर आणि शंकरराव, स्वयंपाकघरात कोकिळाबाई आणि शंकररावांच्या पत्नी वंदनाबाई. दोन्ही खोल्यांमध्ये जो अरुंद बोळ होता त्याची दोन्ही दारं लावून घेऊन ती स्वतः मध्ये स्टुलावर बसली, हातात देवघरातली घंटी घेऊन. इकडून तिकडे काही जायचं तर तिच्यावरूनच जावं लागणार होतं. प्रयोगशाळेतही तिचं हेच काम होतं. एका टोकाची खबर दुसऱ्या टोकाला पोचू नये म्हणून ती महिनोन् महिने फटी बुजवत बसायची.

कुलरच्या घरघरीत शंकररावांना आपलं उत्तर नीट ऐकू जाणार नाही म्हणून सरांनी कुलर बंद करायला लावला. उकाड्यानं जीव नको झाला तेव्हा खिडक्या उघडल्या. स्वयंपाकघराची तर आधीच उघडी होती.

मग घंटी वाजू लागली. सर चिठ्ठी काढत, पिकाचं नाव वर्गात वाचतात तसं खणखणीत वाचत, आणि त्याच आवाजात निकाल देत: तूर, चढेल. कापूस, पडेल. आयुष्यभर शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला तो आवाज होता आणि निवृत्तीनं त्याचं काही वाकडं केलेलं नव्हतं. शंकरराव लिहून घेत. तिकडे वंदनाबाई लिहून घेत. शंभराच्या आसपास डाव झाले असतील. स्टेशन जवळ असल्यानं अधूनमधून गाडी धडधडत जायची आणि घराच्या काचा हलायच्या, एवढाच काय तो व्यत्यय.

काजलनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. एकच पीक आलेले डाव आधी पाहिले. सगळीकडे उत्तर एकच. इथपर्यंत तिला नवल वाटलं नाही. मग ती वेगळ्या पिकांच्या डावांकडे वळली आणि तिचं बोट हळूहळू चालू लागलं. तीनात एकदा नाही, चारात एकदाही नाही. दोनचार डाव सोडले तर उत्तरं कुठे जुळलीच नव्हती. शंकररावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि ते खुर्चीत मागे टेकून बसले.

काजल म्हणाली की एवढं तर प्रकाशालाही जमत नाही. सर म्हणाले, ‘‘प्रकाशानं माझा लेख वाचलेला नाही.’’

तिनं पुन्हा एकदा खेळू म्हटलं. खोल्या बदलून खेळू, आईला शंकररावांच्या घरी बसवू. सरांना इतका आनंद झाला होता की त्यांना नम्र होणं परवडलं असतं, पण ती सवय नव्हती. हरल्यावर पुन्हा डाव मागणारी पोरं आपण तीस वर्षं पाहिली, असं ते म्हणाले; प्रॅक्टिकलचं रीडिंग मनासारखं आलं नाही की यंत्र बदलून मागायची. शब्द दिला होता की नव्हता? काजलचा चेहरा उतरला. दिला होता, असं म्हणून तिनं दोन्ही कागद उचलले आणि ती वरच्या खोलीत निघून गेली. तिच्यात हट्टीपणा होता तोही ह्याच बापाकडून आलेला.

सरांनी शंकररावांना आणखी थोडा वेळ बसवून घेतलं. ज्यांनी लेख परत पाठवले त्या एकेकाची त्यांनी नाव घेऊन हजेरी घेतली. बक्षीस घेतलेल्या तिघांना आता ते परत करायची लाज तरी वाटेल का, अशी चिंता व्यक्त केली. ह्या तालुक्यात, ह्या गावात, ह्या खुर्चीत बसून एका माणसानं जे केलं ते समजायलाही शंभर वर्षं जातील असं ते म्हणाले, आणि ते ऐकायला आपल्या नशिबी एक गणिताचा मास्तर आणि बंद पडलेला कुलर यावा ह्याचं त्यांना खरंच वाईट वाटलं. शंकरराव जेवायची वेळ झाली म्हणून उठले.

कोकिळाबाईंनी ताट वाढलं. काजल भूक नाही म्हणून वरच थांबली होती. सरांनी वांग्याची भाजी भाकरीला लावत, आज पहिल्यांदाच, बायकोला शाबासकी दिली. काही न समजता का होईना, पण काम नीट केलंस, म्हणाले. कोकिळाबाईंना ते आवडलं असावं, कारण त्या जरा संकोचून म्हणाल्या, ‘‘दोनचार डाव चुकले ना माह्याच्यानं. मालगाडी जाऊन राह्यली होती त्या टाइमाले, तुमचं काहीच ऐकू नाही आलं. मंग म्या अंदाजानं सांगून देल्लं.’’

सरांचा घास तोंडाजवळ थांबला. काय ऐकू आलं नाही, असं त्यांनी विचारलं.

‘‘तुमचं पीक अनं तुमचं उत्तर. खिडकीतून येत होतं ना. तेच पीक आलं त तेच सांगाचं, दुसरं आलं त उलटं सांगाचं. तुमीच त सांगतलं होतं सकाळी.’’

सर घास ताटात ठेवून बघत राहिले. बोळ काजलनं दोन्ही बाजूंनी बंद केला होता, पण दोन्ही खोल्यांच्या खिडक्या बाहेर एकाच गल्लीत उघडत होत्या. ह्या घरात सर समोरच्या खोलीत जे बोलतात ते स्वयंपाकघरात ऐकू येतं, ही गोष्ट इतकी जुनी होती की ती कोणाच्या ध्यानातच राहिलेली नव्हती. पाहुणे आले की सर आत वळून हाक मारत नसत. बोलता बोलता चहाचा विषय काढत आणि चहा येई. कोकिळाबाईंनी बाहेरचं बोलणं ऐकून साखर कमी केली होती, जेवायला किती माणसं हे ओळखलं होतं, सर चिडलेत की नाहीत हे ताडलं होतं. काजल ह्याच घरात वाढली. तिला ती खिडकी दिसली असेल, पण तिच्यातून काही येतं हे तिला सुचलं नाही, एवढं ते रोजचं होतं. आणि वंदनाबाई समोर बसून सगळं पाहत होत्या. कोकिळाबाई चिठ्ठी हातात घेऊन आधी बाहेरचा आवाज येण्याची वाट बघतात, मग उत्तर देतात, ह्यात त्यांनाही काही वावगं वाटलं नाही. त्यांच्याही घरी नवरा बोलल्यावरच बायको बोलायची.

सरांनी मग जे सकाळी करायला हवं होतं ते केलं. त्यांनी बायकोला खेळाची रीत समजावली. इकडे काय विचारलं आणि इकडून काय उत्तर गेलं हे तिकडे कळता कामा नये, नाहीतर सगळंच फुकट. कोकिळाबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं, आणि त्यांना ते एका दमात समजलं.

‘‘म्हंजे तुमी तिथं काय बोलले ते मले कळाचंच नाही, अनं तरी जमाचं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मंग हे सकाळीच काऊन नाही सांगतलं? तुमी बोलल्यावर बोलाचं, एवढंच त शिकली मी ह्या घरात.’’

सकाळी का सांगितलं नाही ह्याचं खरं उत्तर सरांना माहीत होतं आणि ते बायकोला तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं. काजलजवळ काही बोलू नकोस, एवढंच ते म्हणाले. कोकिळाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या ताट उचलून आत गेल्या.

दुपारभर सर समोरच्या खोलीत येरझारा घालत होते. घड्याळाचा नियम मुळात खरा आहे, त्यांनी स्वतःला सांगितलं. तत्त्व खरं असेल तर एखादा प्रयोग थोडा इकडे तिकडे झाला म्हणून बिघडतं कुठे? हे वाक्य मनात आलं आणि त्यांना आठवलं की हेच वाक्य बोलणाऱ्या मुलांच्या वह्या आपण वर्गाच्या खिडकीतून बाहेर फेकल्या होत्या. मग त्यांनी दुसऱ्या बाजूनं विचार केला. लेख एकदा छापून आला की लोक तो तपासतील, चूक असेल तर सापडेल, विज्ञान असंच पुढं जातं. तपासताना काजलचं काय होईल हा विचार त्यांनी दारातच अडवला. पोरीला पुण्याच्या त्या बाईनं बिघडवलंय, ती सुटली तर बरंच होईल, असंही त्यांना एकदा वाटून गेलं. तुच्छता ही फार उपयोगी वस्तू आहे. ती जवळ असली की माणसाला स्वतःकडे बघायची पाळी सहसा येत नाही.

ऊन उतरल्यावर काजल लॅपटॉप घेऊन खाली आली. तिचे डोळे लाल झाले होते. आपण सगळे डाव दहादा तपासले, म्हणाली, चिठ्ठ्या कशा निघाल्या तेही पाहिलं, कुठे खोट दिसत नाही. सरांच्या लेखाची प्रत तिनं पडद्यावर उघडली. उद्या मॅडमना फोन करून सांगते, म्हणाली. त्या बहुतेक मला गटातून काढतील, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही काढलं असतं. हे ती अगदी कोरड्या आवाजात बोलली. ‘‘बाबा, मला हे समजत नाहीये. पण आकडे असे आले आहेत, आणि आले ते मला नाकारता येत नाहीत.’’

सर समोरच्या खुर्चीवर बसले होते. इतका वेळ न बोलता ते आपल्याच घरात कधी बसले नसतील. काजलनं लेखाच्या माथ्यावर, सरांच्या नावाच्या आधी, जागा केली आणि आपलं नाव टाईप करायला घेतलं. आधी नाव, मग बापाचं नाव, मग संस्थेचं. सर एकेक अक्षर उमटताना पाहत होते.

कोकिळाबाई पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे एकदा पाहिलं, थोडं थांबून पुन्हा पाहिलं. बहुधा ते बोलतील म्हणून त्या सवयीनं वाट पाहत होत्या. मग त्या मुलीला म्हणाल्या, ‘‘काजल, थांब व. मले तुह्या बाबाचं सगळं ऐकू येत होतं. खिडकीतून. ते ऐकूनच सांगत होती मी. तसं नसते सांगाचं हे मले दुपारी मालूम झालं.’’

काजलचा हात थांबला. तिनं खिडकीकडे पाहिलं, मग आईकडे, मग पुन्हा खिडकीकडे, आणि कपाळावर हात मारून घेतला. चार वर्षं मी फटीच बुजवतेय, असं काहीसं ती पुटपुटली. कोकिळाबाई घाबरल्या की आपल्यामुळं पोरीचं काही नुकसान झालं की काय. काजलनं उठून त्यांचा हात धरला आणि त्यांना सांगितलं की तुझी काही चूक नाही, उलट तू वाचवलंस. मग ती वडलांकडे वळली.

‘‘दुपारी कळलं होतं तुम्हाला?’’

‘‘हो,’’ सर म्हणाले. मग घाईघाईनं म्हणाले, ‘‘मी सांगणारच होतो.’’

काजल रागावली असती तर सरांना बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसाला दाबून टाकायचं कसं ते त्यांना येत होतं. पण ती रागावली नाही. वर्गात नक्कल केलेलं रीडिंग दाखवणाऱ्या मुलाकडे सर ज्या नजरेनं पाहत, त्या नजरेनं ती त्यांच्याकडे पाहत होती, आणि आवाज मात्र प्रयोगशाळेतला होता.

‘‘असेल,’’ ती म्हणाली. ‘‘पण आई बोलायच्या आधी ते उत्तर तुमच्याजवळ होतं की नव्हतं, हे आता कसं ठरवायचं?’’

ह्या प्रश्नावर सर बड्या बड्या माणसांना मूर्ख ठरवत आले होते. होतंच, म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. आणि मग, कोणास ठाऊक का, त्यांनी खरोखर मागे वळून शोधलं. पोरगी टाईप करत होती, कोकिळा अजून दारात आलेली नव्हती, आपण खुर्चीत बसलो होतो. त्या वेळी आपण सांगणार होतो की गप्प राहणार होतो? काहीतरी एक तर ठरलेलं असेल. त्यांनी आत इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. सांगणारा गजेंद्र त्यांना तिथं सापडला नाही, आणि लपवणाराही सापडला नाही. तिथं काहीच ठरलेलं नव्हतं. त्यांना लाज वाटली. लपवणारा सापडला असता तरी ह्याहून कमी वाटली असती.

काजलनं एकेक अक्षर मागं घेत आपलं नाव पुसलं. पुसताना ती उत्तराची वाट बघत होती.

सर काहीतरी बोलले.

कोकिळाबाई दारातून एक पाऊल पुढं आल्या. ‘‘काय म्हणले ते?’’ त्यांनी मुलीला विचारलं. ‘‘मले नाही ऐकू आलं.’’